रक्तात शिसं सापडलं, ठेकेदाराने घरी बसवलं: आता कायद्याने काय करता येईल?

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. भावाचं वय ४०. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळणाऱ्या कारखान्यात सात वर्षं भट्टीवर काम, तेही ठेकेदारामार्फत. पगार १८,००० रुपये. काही महिन्यांपासून पोटात कळा येतात, उजवं मनगट नीट उचलत नाही. खाजगी लॅबमध्ये रक्त तपासलं, तर शिसं ६२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर निघालं. कंपनीने 'तब्येत सांभाळ' म्हणत घरी पाठवलं. आता ठेकेदार ५०,००० रुपये देऊ करतोय आणि त्या बदल्यात 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून मागतोय. घ्यावं का, आणि नाही घेतलं तर पुढे काय, असं तुम्ही विचारलंय.

सही करू नका. आणि हे वाचेपर्यंत सही होऊन पैसे हातात पडले असले, तरी सगळं संपलं असं समजू नका. नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याला मान्यच नाही. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १७ ने तो रद्दबातल ठरतो. तडजोड करायचीच असेल तर ती या कायद्याखाली दावे ऐकणाऱ्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि रक्कम तोकडी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणी न करता परस्पर पैसे दिले, तर मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी तशीच राहते, आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर दिलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त वळतेही करून घेता येत नाहीत. म्हणजे ५०,००० घेतले असतील तर फार तर २५,००० वजा होतील. ठेकेदाराला हे ठाऊक नसतं. कंपनीच्या वकिलाला बहुतेक वेळा ठाऊक असतं.

आता कायद्याच्या नावांचा गोंधळ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९२३ चा नुकसानभरपाई कायदा आणि १९४८ चा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. १९४८ चा कारखाने अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत गेला. आजार त्या तारखेआधी उघड झाला असेल तर दावा जुन्या कायद्याखाली मांडायचा, नंतर उघड झाला असेल तर संहितेखाली. दोन्हींचा सांगाडा जवळपास सारखाच आहे, म्हणून पुढे मी जुनी कलमं सांगतो. वकिलांच्या आणि कोर्टाच्या तोंडी अजून तीच आहेत.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवायची: भावाला ईएसआय लागू आहे की नाही? बाकीचे रस्ते या एका उत्तरावर उघडतात किंवा बंद होतात, आणि लोक नेमकं हेच शेवटी तपासतात. ईएसआयची पगारमर्यादा महिना २१,००० आहे. १८,००० पगार म्हणजे आस्थापना ईएसआयखाली येत असेल तर भाऊ त्यात बसतो. ज्याला ईएसआय लागू, त्याला मालकाविरुद्ध नुकसानभरपाईचा वेगळा दावा करता येत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत तर स्पष्टच लिहिलंय, की नुकसानभरपाईचं प्रकरण ईएसआयचं प्रकरण लागू नसलेल्यांसाठी आहे. दिवाणी कोर्टात निष्काळजीपणाचा दावा लावू म्हणाल, तर वेस्टर्न इंडिया प्लायवूड विरुद्ध अशोकन या १९९७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमाधारक कामगारासाठी तोही रस्ता बंद केला आहे. मला हा निकाल कामगाराच्या दृष्टीने कडक वाटतो, पण आज तो कायदा आहे.

पगारातून ०.७५ टक्के कापले जात होते का, ते पगारचिठ्ठीवर बघा. कापलेच नसतील तरी 'ईएसआय नाही' असा निष्कर्ष लगेच काढू नका. वर्गणी देय होती पण मालकाने भरली नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने कामगार विमाधारकच असतो. ईएसआय महामंडळ त्याला लाभ देऊन तो खर्च मालकाकडून वसूल करू शकतं. हे माहीत नसल्याने एक ठरलेला प्रकार घडतो. सात वर्षं नोंदणी न करणारा मालक आयुक्तांपुढे उभा राहतो आणि साळसूदपणे म्हणतो, 'साहेब, याला तर ईएसआय लागू आहे, हा दावा इथे चालतच नाही.' तोवर दोन वर्षं गेलेली असतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

ईएसआयचा रस्ता वाईट नाही, फक्त संथ आहे. त्यात एक खड्डा मात्र जीवघेणा आहे. दवाखान्यातला डॉक्टर पोटदुखी आणि अशक्तपणा बघून साध्या 'आजारपणाचा' दाखला देतो. साध्या आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, तेही वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. तोच त्रास 'व्यावसायिक आजार' म्हणून नोंदला, की तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्के दराने, अपंगत्व टिकेल तोवर मिळतो. कायमची कमाई घटली तर आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते, आणि मृत्यू झाला तर अवलंबितांना. शिवाय या लाभासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. तेव्हा केसपेपरवर कामाचं स्वरूप लिहून घ्या: 'शिशाच्या भट्टीवर सात वर्षं काम.' हे वाक्य नसेल तर पुढचं सगळं लंगडं पडतं. वैद्यकीय मंडळाने टक्केवारी कमी लावली तर अपील करता येतं, आणि ते करावंच.

आता समजा ईएसआय खरंच लागू नाही. मग नुकसानभरपाई कायदा, आणि इथे शिशाचा कामगार इतर धातूंच्या कामगारापेक्षा थोडा बऱ्या जागी आहे. तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजारांचे तीन भाग आहेत. शिसं 'अ' भागात येतं. त्यात किती महिने काम केलं याची अट नाही. पारा, क्रोमियम, आर्सेनिक, मँगेनीज, कॅडमियम, बेरिलियम हे 'ब' भागात आहेत; तिथे त्याच मालकाकडे सलग किमान सहा महिने काम झालेलं लागतं. म्हणून क्रोम प्लेटिंगच्या शॉपमध्ये दर पाच महिन्यांनी ठेकेदाराचं नाव बदलताना दिसतं. अर्थात सहा महिने भरले नसले तरी आजार त्याच कामातून झाला हे सिद्ध करून दावा जिंकता येतो. फरक इतकाच, की सिद्ध करण्याचं ओझं कामगारावर येतं. टंगस्टन-कोबाल्टसारख्या कठीण धातूंच्या धुळीने होणारे फुप्फुसाचे आजार 'क' भागात आहेत आणि तिथे अनेक मालकांमध्ये जबाबदारी वाटली जाऊ शकते.

अनुसूचीत आजार बसला, की कायदा तो 'अपघात' मानतो आणि उलट सिद्ध होईपर्यंत तो कामामुळेच झाला असं धरतो. मालकाचा निष्काळजीपणा दाखवायची गरज नाही. दिवाणी दाव्यात हेच सगळं दाखवत बसावं लागतं, वर कोर्ट फी वेगळी. म्हणून ईएसआय नसलेल्या कामगाराला दोन्हींतला एक रस्ता निवडण्याची मुभा असली, तरी मी जवळजवळ नेहमीच आयुक्तांकडे जायला सांगतो. एकदा निवडला की दुसरा बंद, हे लक्षात असू द्या.

'मास्क दिला होता, हाच घालत नव्हता' हा बचाव ठरलेला आहे. मुद्दाम सुरक्षासाधन टाळलं म्हणून भरपाई नाकारण्याची तरतूद कायद्यात आहे, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ती लागू होत नाही. आणि बहुतेक ठिकाणी 'मास्क' म्हणजे कापडी फडकं असतं. भट्टीतून निघणारा शिशाचा धूर इतका बारीक कणांचा असतो, की त्याला फडक्याने काही होत नाही. भावाला दिलेला मास्क घरी पडला असेल तर फेकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. तो पुरावा आहे.

ठेकेदाराचं काय? कलम १२ प्रमाणे मुख्य मालक, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम झालं तो, भरपाईला जबाबदार आहे. त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं, तो त्यांचा आपसातला प्रश्न. दाव्यात दोघांनाही पक्षकार करा. 'कंपनीशी माझा काय संबंध' असं म्हणत नुसत्या ठेकेदारावर दावा लावणारे लोक शेवटी कागदी हुकूम घेऊन बसतात, कारण ठेकेदाराच्या नावावर जप्त करण्याजोगं काही सापडत नाही.

रक्कम कशी निघते ते सांगतो. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक पगाराचे ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. जानेवारी २०२० पासून हिशोबासाठी पगार १५,००० पर्यंतच धरतात, मग खरा १८,००० असो वा ३०,०००. चाळीस वर्षांचा गुणक १८४.१७. म्हणजे ९,००० गुणिले १८४.१७, बरोबर १६,५७,५३० रुपये. कमावण्याची शक्ती ३० टक्के गेली असं ठरलं तर ४,९७,२५९. ठेकेदाराचे ५०,००० या आकड्यांशेजारी ठेवून बघा. शिवाय उपचारांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, त्यामुळे औषधांची बिलं फाईलला लावा. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के साधं व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. मृत्यू झाल्यास पगाराचे ५० टक्के धरून असाच हिशोब होतो.

सगळी लढाई त्या टक्क्यांवर होते. बोट तुटलं, डोळा गेला, यांचे टक्के कायद्यात छापलेले आहेत. शिशाने कमजोर झालेल्या मनगटाचे, मँगेनीजने थरथरणाऱ्या हाताचे, कॅडमियमने झिजलेल्या मूत्रपिंडाचे छापलेले नाहीत. तिथे डॉक्टरने ठरवायचं असतं. डॉक्टर सवयीने शारीरिक अपंगत्वाचे टक्के लिहितो. आपल्याला हवं असतं ते कमाईच्या शक्तीचं नुकसान, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाटा या १९७६ च्या खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण अपंगत्व मानलं. भट्टीवर पळी आणि साचे उचलणाऱ्या माणसाचं मनगटच उठत नसेल, तर त्याने पूर्वीचं काम किती गमावलं हे डॉक्टरकडून त्याच शब्दांत लिहून घ्यायला हवं, आणि डॉक्टरला साक्षीला बोलवायची तयारी हवी. नुसतं सर्टिफिकेट जोडून भागत नाही.

पुराव्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण धातूंचे खटले तिथेच हरले जातात. काम सुटलं की रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्याकडे घसरायला लागतं. जुन्या कामगारात हाडांत साठलेलं शिसं परत रक्तात येत राहतं, त्यामुळे घसरण थोडी हळू होते, पण होते. सहा महिन्यांनी वकिलाकडे आलात आणि तेव्हा तपासणी केली, तर आकडा पाहून विरुद्ध पक्ष हसतो. तेव्हा उद्याच एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या लॅबमध्ये पुन्हा रक्त द्या, अहवालावर नमुना घेतल्याची तारीख आणि पद्धत छापून घ्या. सोबत हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि मनगटासाठी नर्व्ह कंडक्शन (नसांची तपासणी) करा. शिसं बाहेर काढायची औषधं सुरू होणार असतील तर ती सुरू होण्याआधीचा नमुना हवा. औषध देऊन मग लघवीत किती धातू उतरतो ते मोजायचं, असल्या तपासण्या आणि केसांच्या तपासण्या काही ठिकाणी महागात विकतात. त्यांच्यावर पैसे घालवू नका, उलटतपासणीत त्या टिकत नाहीत. दुसरं मत हवं असेल तर अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था किंवा मुंबईची केंद्रीय श्रम संस्था ही या विषयातली नावं आहेत.

प्रत्येक धातूचं घड्याळ वेगळं असतं. कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशकं राहतं, त्यामुळे काम सोडून वर्षं लोटली तरी लघवीतून ते दाखवता येतं. क्रोमियमचं उलट: रक्तातून लवकर जातं, पण नाकाच्या पडद्याला पडलेलं भोक कुठे जात नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून त्याची नोंद घेतली तर तो कामाचा शिक्काच ठरतो.

तुमच्याकडे नसलेला पण कंपनीकडे असायलाच हवा असा पुरावाही असतो. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामावर घेताना आणि त्यानंतर किमान वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करणं, तिच्या नोंदी ठेवणं आणि कामगाराने मागितल्यास दाखवणं हे कारखाने अधिनियमाच्या कलम ४१-क ने मालकावर घातलेलं बंधन आहे. कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कारखान्यांना नोकरी सुरू झाल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षं, यांत जे उशिराचं असेल तोवर आरोग्याच्या नोंदी सांभाळायला सांगितलं, आणि कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा कंपनीला स्पीड पोस्टने पत्र पाठवा: सात वर्षांच्या तपासण्या, रक्तातील शिशाचे आकडे आणि भट्टीजवळच्या हवेची मोजमापं द्या. हवेतल्या शिशाची मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम होती. कंपनीने उत्तर दिलं तर पुरावा मिळतो. दिलं नाही तर नोंदी दडवल्याचा प्रतिकूल अर्थ काढा, असं कोर्टाला सांगता येतं.

त्याच पत्राची प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्या. शिशाची विषबाधा हा सूचना देण्यायोग्य आजार आहे. निदान करणाऱ्या डॉक्टरने आणि कारखान्यानेही तो सरकारला कळवायचा असतो. तुमच्या डॉक्टरने कळवलं नसेल तर अर्ज करून कळवायला लावा आणि प्रत मागा. निरीक्षक येऊन गेला की त्याचा अहवाल माहिती अधिकारात मिळवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रातही कारखाना महिन्याला किती शिसं गाळतो ते छापलेलं असतं. 'आमच्याकडे शिशाचं काम फार कमी' असं म्हणणाऱ्या व्यवस्थापकापुढे तो कागद ठेवायला मजा येते.

ठेकेदाराने नेमणूकपत्र दिलं नसेल, हे मी गृहीतच धरतो. पीएफचं पासबुक, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, गेटपास, हजेरीचे फोटो, मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज, सोबतच्या दोन कामगारांची शपथपत्रं, यातलं जे मिळेल ते आजच जमा करा. मोबाईल बदलला की मेसेज जातात.

आयुक्तांकडे दावा करायची मुदत दोन वर्षांची आहे. व्यावसायिक आजारात 'अपघाताची तारीख' म्हणजे आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली तो पहिला दिवस. काम सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर ती प्रथम आढळली तो दिवस धरतात. उशीर झाला तरी पुरेसं कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. त्याहून जुनी प्रकरणं उच्च न्यायालयात रिट याचिकेने लढली गेली आहेत. कोडाईकनालचा हिंदुस्तान युनिलिव्हरचा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाला, पाऱ्याच्या संपर्कात आलेल्या माजी कामगारांनी मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी तडजोड झाली. ते सगळे संघटित होते म्हणून इतकी वर्षं टिकले. तुमच्या भावासोबत त्याच भट्टीवर असलेल्यांचंही रक्त तपासून घ्या. एकाच्या रक्तातलं शिसं 'याला बाहेर कुठे तरी लागलं असेल' म्हणून झटकता येतं, आठ जणांचं नाही.

फौजदारी तक्रारीचं अनेकांना आकर्षण असतं. भारतीय न्याय संहितेत विषारी पदार्थाबाबत निष्काळजी वर्तनाचं कलम २८६ आहे, आणि व्यावसायिक सुरक्षा संहितेत मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास शिक्षेसोबत दंडाचा किमान निम्मा भाग पीडिताला द्यायची सोय आहे. पण एफआयआरने औषधपाण्याचा खर्च निघत नाही. दबाव म्हणून ती ठीक आहे, मुख्य दाव्याच्या जागी नको.

राष्ट्रीय हरित लवादाबद्दल गैरसमज आहे, तो दूर करतो. लवाद प्रदूषणाने झालेल्या इजेची भरपाई देऊ शकतो, पण लवादाच्या स्वतःच्या कायद्याच्या कलम १७ मध्ये कामगाराला स्वतःच्या इजेसाठी वगळलेलं आहे. कारखान्याला लागून वस्ती असेल आणि तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडलं, तर त्यांच्यासाठी मात्र तो रस्ता खुला आहे, पाच वर्षांच्या मुदतीत. तुमच्या पुतण्यांचं रक्त तर तपासाच. कपड्यांवरून, केसांतून, बुटांतून शिसं घरी येतं आणि लहान मुलांत ते मेंदूवर परिणाम करतं. पाच मायक्रोग्रॅमलाच स्रोत शोधायला हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भावाचे कामाचे कपडे वेगळे धुवा.

वकिलाच्या खर्चाची काळजी तुम्ही लिहिली आहे. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं. भावाने लेखी अधिकार दिला तर आयुक्तांपुढे नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही बाजू मांडू शकतो. खाजगी वकील केलात आणि त्याने भरपाईतले अमुक टक्के मागितले, तर बार कौन्सिलच्या नियमांनी अशी निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई आहे, हे त्याला आठवण करून द्या आणि फीचा आकडा लेखी ठरवून मगच वकीलपत्रावर सही करा.